दोनशे फेऱ्या

२ मार्च
आठवीत आम्ही दोघी एकाच बाकावर. परीक्षानळीत गंधक तापवलं, वर्गभर वास सुटला. सिस्टरांनी खिडक्या उघडायला लावल्या आणि आम्ही रुमालात तोंड खुपसून हसत राहिलो. ती मैत्रीण आता आमच्या प्रयोगशाळेत विभागप्रमुख. आज मान खाली घालून म्हणाली, तुझ्या गंधकाच्या बॅटरीने चार्जिंगच्या दोनशे फेऱ्या काढल्या तरच प्रकल्पाला मुदतवाढ, नाहीतर ३१ला टेबल रिकामं कर. उगाच काळजी करते, बिचारी.

३ मार्च
अडचण एकच. वीज साठवतं ते गंधक, आणि दर फेरीला कॅथोडमधलं, म्हणजे बॅटरीच्या धन पट्टीतलं, तेच गंधक आतल्या द्रवात विरघळून निघून जातं. आजवरचे सगळे सेल चाळीस फेऱ्यांच्या आत आटोपले. यंदा नवा सच्छिद्र कार्बन. त्यात मुरलेल्या गंधकाची बाहेर पडायची बिशाद नाही.

६ मार्च, शुक्रवार
कॅथोड वाळवायला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये. टेक्निशियन म्हणाला, मॅडम, पन्नास अंश पुरे. मी एकशेवीस लावले, थेट सोमवारपर्यंत. अर्धवट वाळलेलं मला कपड्यांतही चालत नाही.

९ मार्च
सेल चार्जिंगला लावला. कॅथोडचं वजन ओव्हनच्या आधी केलंच होतं. पुन्हा कशाला?

१० मार्च, सकाळी ११
एकशेवीस फेऱ्या! आलेखाची रेघ पट्टीने आखल्यासारखी. शिवाय चार्जिंगला दोन तास लागायचे, आता सहा मिनिटं. न मागता फास्ट चार्जिंगही साधलं. नवऱ्याला फोन केला. म्हणाला, छान, येताना दूध आण.

११ मार्च
दोनशे पार. अठ्ठ्याण्णव टक्के शाबूत. टेक्निशियनने विचारलं, कशाचे अठ्ठ्याण्णव टक्के? माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१२ मार्च
मैत्रिणीने येऊन आलेख पाहिला. बराच वेळ. मग ओव्हन उघडून काचेवर आतून बोट फिरवलं. बोट पिवळंधमक. म्हणाली, अगं वेडे, गंधक सगळं इथे उडून बसलंय. तुझ्या सेलमध्ये नुसता कार्बन. विरघळायला काही असेल तर विरघळेल ना!
हसू यायला हवं होतं. दोघींनाही आलं नाही.

१३ मार्च
तसं पाहिलं तर कार्बन भक्कम आहे, हे सिद्धच झालं. नवा सेल, पन्नास अंश. दिवसाला सहा फेऱ्या होतील. अठरा दिवस आहेत. गुणाकार नंतर करीन.

३१ मार्च
शंभरावी फेरी. सेलची निम्मी ताकद गेली. टेबलावर चिठ्ठी ठेवली:
अकीकाचा खल विभागप्रमुखबाईंना. तिचा डोळा होताच त्याच्यावर. बारीक चिमटे टेक्निशियनला. वह्या लायब्ररीला, घेतल्या तर. घरी जागा नाही म्हणतात. सात नंबरच्या चार्जरवरचा सेलही टेक्निशियनकडे, चालू स्थितीत. रोज बघावा. बंद पडला तर मला कळवू नये. दोनशे झाल्या तर लगेच फोन करावा, मी घरीच असेन.