लेबल सोललेल्या बाटल्या

ती. दादास,

मी मजेत आहे. खोलीतला हीटर दुरुस्त झाला, खोकलाही गेला. एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तुझं तू वाच.

काल फोनवर आई कौतुकाने सांगत होती, "तुझ्या गोळ्यांनी जादू केली गं! जेवणाआधी एक घेते आणि सगळ्यांबरोबर पाव खाते. दादा म्हणतो, आता पथ्य कशाला?" आवाज मात्र अगदी खोल गेलेला. वजन विचारलं, तर म्हणाली, इकडे उकाडा फार आहे.

अरे, त्या पाचक गोळ्या मी तुझ्या गॅससाठी पाठवल्या होत्या! मी काम करते त्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंग करताना लेबल वाकडं बसलं की ते सोलतात आणि बाटली कामगारांना देतात. त्या लेबलावरच लिहिलेलं असतं, की सीलिअ‍ॅकच्या, म्हणजे आईसारख्या गहू न सोसणाऱ्या, रुग्णांनी या गोळ्यांच्या भरवशावर गहू खाऊ नये. ते मी कळवलं नाही, ही माझी चूक. पण गव्हाचा कणही नको, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. वेगळं पातेलं चढवायचा तुला कंटाळा, म्हणून तिच्या आतड्यांशी खेळतोस?

बाटल्या आजच फेक. उद्या तिला डॉक्टरांकडे ने आणि खरं सांग. जुलाब पुन्हा सुरू झालेत का? लपवू नकोस.

तिचं पथ्य जड होत असेल तर तसं लिही. मी तिला न्यायला येते. मग खुशाल पाव खात बस, एकटा.

आईला नमस्कार. तुला या वेळी नाही.

धाकटी