चिमीचा ‘बिफोर’

३ फेब्रुवारी

मिळाला! फायनल इयरचा प्रोजेक्ट — ‘रूपझरा’ क्रीमची तीस सेकंदांची रील. ब्रँड इथलाच, उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात ऑफिस. मालक अल्पेशभाई. त्यांनी रील पेजवर टाकली की कॉलेजचे सर फुल मार्क देणार. चेहरा कोणाचा, विचारच करावा लागला नाही. आमची चिमी!

५ फेब्रुवारी

चिमी म्हणजे काकाची मुलगी. आनंदनगरला औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला जाते. पुढच्या महिन्यात लग्न. आमच्या अख्ख्या मोरिवली गावात तिच्यासारखं कोणी हसत नाही. "मना हिरोईन करतेस? खरंच गो?" दोनदा विचारलं. मी म्हटलं, शप्पथ, तूच हिरोईन. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटसमोरच शूट केलं. मेकअप नाही, लाइट नाही, केस विस्कटलेले. काय दिसत होती बया!

९ फेब्रुवारी

अल्पेशभाईंना क्लिप दाखवली. खूश. "अच्छी है लड़की. बिफोर में डाल दो."

बिफोर!! आणि क्रीम लावल्यावरची, आफ्टर, कोण? तर माझ्या वर्गातली रिद्धी. मी म्हटलं, "सर, मेन तो वो है." तर म्हणे, "बेटा, मुझे क्रीम बेचनी है."

यावर मी हसले. चक्क हसले! लाज कशी नाही वाटली मला?

११ फेब्रुवारी

रिद्धीचं शूट. मोठे लाइट, मेकअपवाली, तीन तास. क्रीम लावलीच नाही तिला. शूटसाठी पाठवलेली डबी रिकामी होती.

१४ फेब्रुवारी

एडिट. चिमी ‘बिफोर’ वाटतच नाही म्हणे! "थोड़ा डल करो." ब्राइटनेस खाली ओढला. परत फोन. परत ओढला. मग डोळ्यांखाली काळं केलं. गालांवर डाग टाकले. रंग पार मातकट केला. माझ्या हातांनी. मार्कांसाठी.

२० फेब्रुवारी

रील आली. गावच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. पोरं ‘बिफोर, ए बिफोर’ करून हाका मारतात तिला. वांगणीहून होणाऱ्या सासूचा फोन — "पोरीला लग्नापर्यंत काहीतरी लावा बाई." काकी रडत बसली.

चिमी रडली नाही. एवढंच विचारलं, "प्रतिभा, मी अशी दिसतंय?"

मी म्हटलं, एडिटिंग क्रीमवाल्यांनी केलं. धडधडीत खोटं! आणि तिनं ते मानलं.

२१ फेब्रुवारी

अल्पेशभाईंना फोन केला, रील काढा म्हणून. "इतनी चल रही है, क्यों निकालूँ?"

२८ फेब्रुवारी

फुल मार्क. सर वर्गासमोर म्हणाले, "बिफोर किती खरा वाटतो बघा." टाळ्या! आग लागो त्या मार्कांना.

१० मार्च

चिमीच्या घरी जायची हिंमतच होत नाहीये. दारापर्यंत जाते, परत येते. परवा हळद. तेव्हा सांगणारच — तुला काळं मी केलं, तू तशी नाहीस, कधीच नव्हतीस. शिव्या दे, मार, बोलू नकोस माझ्याशी. पण तेवढं ऐक.

१२ मार्च

चिमीची हळद. बँजो दणाणत होता, बायका नाचत होत्या. माझा नंबर आला. ओंजळभर हळद घेतली, सांगायला तिच्या कानाशी वाकले.

तीच आधी बोलली — "हलू लाव गो. हलदीखाली तुझी क्रीम लावलीय."