पाच पटीचा शेअर

सर,

तुमचे तेल कंपनीचे शेअर काकूंनी विकले. सगळे. विका म्हणणारा मी होतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे मीच तुम्हाला सांगावं असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो आहे.

गोंडपिपरीच्या तुमच्या त्या भाड्याच्या घरात आमची शिकवणी स्वयंपाकघरात व्हायची, कारण वारा फक्त तिथल्या मागच्या दारातून यायचा. मी अकरावीत आहे. तुम्ही पेपरातलं शेअरचं पान पाटावर पसरून विचारता, यातला महाग कोणता? मी सगळ्यात मोठ्या भावावर बोट ठेवतो. तुम्ही पान माझ्या हाताखालून ओढून घेता. "भाव पाहून महाग म्हणते! त्याची कमाई किती, ते कोण विचारन?" माझे कान तापतात. मग तुमचा आवाज खाली येतो. "समज, एक धानाची गिरणी खर्च जाऊन सालाला लाख रुपये कमावते अन् मालक पाच लाखाले विकून राह्यला. किती पट झाली?" पाच. "दुसरी गिरणीबी तेवढंच कमावते, पण मालक वीस लाख मांगते. आता बोल, महाग कोणती?" काकू चुलीजवळून म्हणतात, "पोराले पहिले खाऊ द्या, मंग गिरण्या इका." त्या दिवशी मला शेअरबाजार कळला असं वाटलं. आज गडचांदूरला सिमेंट कारखान्याच्या हिशोब खात्यात बसतो, त्याची सुरुवात त्या पाटावर झाली.

निवृत्तीच्या पैशातून तुम्ही हा शेअर घेतलात तो याच हिशोबानं. भाव कमाईच्या पाच पट, म्हणजे स्वस्त. जाण्याआधी काकूंना बजावून ठेवलंत की याले हात लावू नोको. त्यांनी नाही लावला. तुमच्यामागे शेअर त्यांच्या नावावर झाले, आणि त्या लाभांशावर सण करत राहिल्या.

यंदा घरमालकानं घर विकायला काढलं. काकूंनी मागितलं तर त्यांनाच देईन, पण दिवाळीपर्यंत पैसे हवेत, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यानं कळवलं. काकूंजवळ विकण्यासारखं एवढंच होतं. तुमच्या मुलानं पुण्याहून ठाम सांगितलं की विकायचं नाही. शेअर दुप्पट होईल, घर गेलं तर आई इकडे येईल. तेव्हा काकूंनी मला फोन केला. "तू हिशोबाचा मानूस. येऊन पाह्य एकदा."

मी रविवारी मोटरसायकलनं निघालो. कोठारीच्या पुढे जंगल लागलं तशी मी गाडी हळू केली, आणि ती वाघाच्या भीतीनं नव्हे. हिशोब मी आधीच करून पाहिला होता आणि तो तुमच्या विरुद्ध जात होता. आमच्या कारखान्यात मी पाहिलंय, तेजीच्या साली नफा फुगतो, आणि फुगलेल्या नफ्यानं भावाला भागलं की पट लहान दिसते. तेलाचं तर त्याहून अवघड. कच्च्या तेलाचा भाव कंपनीच्या हातात नाही, तो जगात कुठेतरी ठरतो. त्यात विहिरी आटतात, नव्या सापडल्या नाहीत तर आजची कमाई उद्या राहत नाही. मी एका सालाचा नफा न धरता चांगल्या-वाईट सालांची सरासरी धरली. ती धरली की तुमचा पाच पटीचा शेअर बारा पटीच्या वर जात होता. असल्या धंद्याला ती पट महागच.

काकूंनी मुलाला फोन लावून तो पाटावर ठेवला. मी सगळं सांगितलं. तो शांत ऐकत होता, शहरातल्या मराठीत प्रश्न विचारत होता. सगळे तज्ज्ञ स्वस्त म्हणताहेत, आजही कमाईच्या पाच पटच आहे, मग तुला कशाची घाई? मी म्हणालो, "तेल उतरलं तर कमाई उतरेल, आणि भाव त्याच्याआधी उतरेल. काकूंना दिवाळीपर्यंत घर घ्यायचंय. त्यांना थांबायला वेळ नाही." तेव्हा त्याची भाषा बदलली. "बाबांनीच शिकवलं ना तुले? त्यांचंच शिकून त्यांच्यावरच उलटून राह्यला? काऊन रे, तू त्यांच्यापेक्षा हुशार झाला काय?"

काकू फोनकडे न बघता मला म्हणाल्या, "सर काय म्हनत होते ते मले पाठ हाय. तुले काय वाटते, ते सांग."

"विका," मी म्हणालो.

तिकडून फोन कट झाला. काकूंनी पदरानं बोटं पुसली आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यावर, मी फोनवरून सांगत गेलो तसं, मोबाईलवर विक्रीचं शेवटचं बटण स्वतः दाबलं.

आणि सर, शेअर चढायला लागला. रोज चढत होता. मी ऑफिसात फाइलीआड मोबाईल धरून भाव बघायचो. तुमचा मुलगा बोलत नव्हता, फक्त रोज संध्याकाळी भावाचा फोटो पाठवायचा, खाली एक अक्षर नाही. घराची विक्री झाली, काकूंच्या नावावर कागद झाले, आणि तरीही मला वाटत होतं की मी त्या बाईला बुडवलं. बरेच दिवस गोंडपिपरीकडे गेलो नाही. शेवटी गेलो, तर काकू मागच्या दारात वाल सोलत होत्या.

"चढून राह्यला म्हने."

"हो काकू."

"तुले जेवन जाते काय?"

त्यांनी शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. "पोराचा फोन आलता. त्यालेबी तेच सांगितलं मी. बटन मी दाबलं. त्याच्याशी भांडू नोको." त्या दिवशी आम्ही शेअरबद्दल दुसरा शब्द काढला नाही. घर आपलं झालं म्हणून पुढे नवं दार बसवलं होतं; त्याला कोणता रंग द्यावा हे काकू एकेक रंगाचं नाव घेऊन विचारत होत्या, आणि मला ती नावं ऐकूच येत नव्हती.

मग तेल उतरलं. तिमाहीचे निकाल आले, नफा निम्म्यावर आला, आणि निकालाच्या आधीच भाव आपण विकलं त्या भावाच्या बराच खाली गेलेला होता. गंमत म्हणजे भाव एवढा उतरूनही, कमाई त्याहून जास्त उतरल्यामुळे, तो आता आधीपेक्षा जास्त पटीला दिसतो. तुमच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "पाह्यलं." मी म्हणालो, "हो." मग त्यानं विचारलं, आईनं दाराला कोणता रंग दिला.

लोक म्हणतात, जिंकलास. मी मान हलवतो. हे पत्र काकूंना वाचून दाखवायचं धाडस नाही, आणि तुमच्यापर्यंत ते जाणार नाही, म्हणून इथंच लिहून टाकतो. शेअर चढत होता ना सर, तेव्हा मी घाबरलो होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण भाव वर गेलेला दिसला की रोज क्षणभर बरंही वाटायचं. वाटायचं, सर बरोबर होते. भाव पडला त्या दिवशी मी सुटलो, आणि जेवायच्या सुट्टीत कारखान्याच्या भिंतीमागे जाऊन उगाच उभा राहिलो. मला तुमच्याकडून हरायचं होतं.