हुकलेल्या नेमाचा शर्ट

२३ ऑक्टोबर १९८८

खांदा काळानिळा पडलाय. नवी बंदूक आज पहिल्यांदा खडीच्या खाणीवर नेली. नऊ गोळ्या झाडल्या, फक्त नऊ! आठव्या गोळीला चाप ओढायच्या आधीच डोळे गच्च मिटले. नववीलाही तेच. मग सामान आवरलं आणि घरी आलो.

तीनशे मॅग्नम. दुकानदार म्हणाला होता, हत्ती लोळवेल. मिशिगनच्या रानात हत्ती कुठून येणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. एकसष्ट वर्षांचा घोडा मी, मासिकातली चित्रं बघून भाळलो. खाणीतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी नवं हवं असतं म्हणे. हे घ्या नवं!

आणि बदल्यात वडिलांची थर्टी-थर्टी बंदूक देऊन बसलो. हलकी, बुटकी, दुर्बीण वगैरे काही नाही. त्या बंदुकीच्या मांसावर आम्ही दोघे भाऊ वाढलो. वडील गेल्यावर रेनोदादाने ती स्वतः ठेवली नाही, मला दिली. 'तू धाकटा, तू वापर.' मी ती न विचारता दुकानात टाकली.

२६ ऑक्टोबर

दुकानात गेलो. थर्टी-थर्टी विकली गेली. कोणाला? 'परगावचा होता.' नाव सांगेना. निघताना वर मलाच विचारतो, 'मॅग्नम आवडली ना?'

म्हटलं, फारच!

६ नोव्हेंबर

चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफीला दादा भेटला. बंदुकीच्या अदलाबदलीचं त्याला दुकानदाराकडूनच कळलंय.

'कशी काय आहे तोफ?'

'झकास! तीनशे यार्डांवरून बाटली उडवली.'

'बरं,' म्हणाला आणि वेलचीच्या पावाला लोणी लावत बसला. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं, की दादा, चूक झाली. पण हा माणूस कधी ओरडणारच नाही. एकोणसत्तर वर्षांत ओरडला नाही. अशा माणसाशी भांडता येत नाही, त्याची माफीही मागता येत नाही.

१४ नोव्हेंबर

रानातल्या आमच्या शिकारीच्या कॅम्पात पोचलो. उद्या हरणांच्या शिकारीचा मोसम उघडणार. यंदा चौघं: दादा, त्याची मुलगी मार्लिस, वेस ट्रस्कॉट आणि मी. वेस म्हणजे खाणीतला माझा जुना जोडीदार. तोंडाने फटकळ, हाताने आळशी. मांस-बटाटा भरलेल्या पॅस्ट्या मात्र त्याच्या बायकोच्या, त्यामुळे त्याला बोलवावंच लागतं.

सौनात वाफ घेऊन झाल्यावर टेबलाशी बसून गप्पा. वेसने विषय काढला, घेऊन पस्तावलेली बंदूक कुठली? आधी स्वतःच बोलला. 'माझी आपोआप गोळी भरणारी. शून्याखाली पारा गेला की गोळीच पुढे सरकायची नाही. हरीण समोर उभं, मी बंदुकीला मिठी मारून फुंकर घालतोय! हरणाला कीव आली असेल माझी.' मार्लिसने तिची सांगितली. हौसेने घेतलेली पिसासारखी हलकी, पण धापा टाकत डोंगर चढलं की नळी थरथरायची. सुकाणू तुटलेली होडी परवडली, म्हणाली. दादानेही एक सांगितली, लग्नाच्या वर्षी घेतलेली. हेल्मी वहिनी अजून टोमणे मारतात म्हणे.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

'काका, तुमची कुठली?'

'मला कसला पस्तावा? मी बघूनच घेतो.'

वेस म्हणाला, 'बघून घेतो, म्हणे! अरे, तू खाणीत तीन वर्षं उलटं हेल्मेट घालत होतास.' सगळे हसले. दादाही हसला. बोलायची ती वेळ होती. चांगली संधी होती, सगळ्यांनी आपापलं हसं करून घेतलं होतं. मी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

१५ नोव्हेंबर

थोडक्यात लिहितो.

सकाळी सव्वाआठला माझ्या आडोशासमोर हरणाचा नर आला. मोठा, दहा टोकांची शिंगं. ऐंशी यार्ड. थर्टी-थर्टीने डोळे झाकूनही लागला असता. आणि मी डोळेच झाकले! धक्का बसला, बार घुमला. डोळे उघडले तेव्हा जनावर पाठ कमानीसारखी करून सीडरच्या झाडीतल्या दलदलीकडे पळत होतं. पाठ अशी वाकली की समजावं, पोटात लागलंय.

तिथवर गेलो. बर्फावर करडे केस. दोन थेंब रक्त, काळपट, त्यात अर्धवट पचलेलं गवत.

आमच्या कॅम्पात वडिलांपासून दोन कायदे आहेत. नेम हुकला तर शर्टाचा मागचा घेर कापायचा, त्यावर नाव-तारीख लिहून भिंतीला ठोकायचा. आणि रक्त दिसलं तर शिट्टी वाजवायची. मग सगळे आपापली जागा सोडून माग काढायला येतात, जनावर मिळेपर्यंत. जखमी जनावर टाकून येणाऱ्याने बंदूक खुंटीला लावायची, तो कॅम्पाच्या शिकारीतून कायमचा बाद.

शिट्टी गळ्यातच होती. वाजवली तर सगळे येणार, ऐंशी यार्डांवरून पोटात कसं मारलंस विचारणार. वेस विचारणार. मी बुटाने बर्फ सारला आणि ते थेंब झाकले. झाकले म्हणजे झाकले! कोणी ढकललं नव्हतं मला.

दुपारी दादाचाही बार ऐकू आला. त्याच दलदलीच्या पलीकडून. संध्याकाळी दोघेही रिकाम्या हाताने परतलो. दादा म्हणाला, 'हुकला बहुतेक. तासभर बघितलं, थेंब नाही सापडला. डोळ्यांनी दगा दिला वाटतं.' मी काय म्हणालो? 'माझी गोळी बर्चच्या खोडात घुसली. भोक बघितलं मी.' कोणी विचारलंही नव्हतं खोडाबिडाचं!

वेसने कात्री काढली. दोघा भावांचे शर्ट एकाच दिवशी! खीखी करत कापले, मार्लिसने नावं लिहिली, शेजारीशेजारी ठोकले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. बाहेर बर्फ पडायला लागला होता. मी मनात म्हटलं, बरं झालं. असं म्हणणारा माणूस मी आहे.

१६ नोव्हेंबर

काही नाही. बर्फ.

१७ नोव्हेंबर

दलदलीवर डोमकावळे घिरट्या घालतायत. मी मान खाली घालून लाकडं फोडली. गरज नव्हती एवढी फोडली.

१८ नोव्हेंबर

मार्लिसने शोधलंच. कावळे बघून आत शिरली आणि शिंगं दिसली. दादाला बोलवायला आली, तो लगेच बूट चढवून निघाला. मला म्हणाला, 'तू थांब, अर्विड, तुझे गुडघे दुखतात.' दलदलीतून त्याने तिला घसरगाडी आणायला परत पाठवलं. दीड तासाने दोघं जनावर ओढत आले. मांस वाया गेलेलं, कोल्ह्यांनी मागचा भाग खाल्लेला. वेस नाक धरून म्हणाला, 'पोटात लागलेलं दिसतंय. दोन दिवस तरी तडफडलं असणार बिचारं.'

माझी गोळी खोडात होती ना! म्हणजे उरला एकटा दादा.

दादाने खिशातून आपल्या परवान्याचा टॅग काढला आणि, हे जनावर माझं म्हणून, त्या सडक्या जनावराच्या शिंगाला बांधला. मग आत जाऊन बंदूक खुंटीला लावली. त्रेपन्न वर्षांत त्याने एकही जनावर टाकलेलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, 'थेंब मला दिसायला हवा होता. नाही का?'

मी म्हणालो, 'बर्फ पडला ना दादा, कोणालाच दिसला नसता.'

हे मी म्हणालो! त्याची समजूत घातली मी!

१९ नोव्हेंबर

दादा परत गेला नाही. कॅम्पातच राहिला. सकाळी आम्ही निघालो की टेबलाशी कॉफी घेऊन बसतो, आलो की तिथेच असतो. भांडी घासतो, सरपण आणतो. मला विचारतो, 'काय, आज काही?' वेससुद्धा त्याच्यासमोर थट्टा करत नाही. हे सगळ्यांत वाईट.

आज आडोशात बसून ठरवलं, परतल्यावर सांगायचंच. आलो, बूट काढले. दादाने सूप वाढलं आणि समोर बसला. मी वेसच्या पॅस्टीबद्दल बोललो.

२१ नोव्हेंबर

एक नर आला, मी बंदूकच उचलली नाही. दुपारी मॅग्नम वेसला देऊ केली, 'घेऊन बघ.' म्हणाला, 'मला माझा खांदा प्रिय आहे.' म्हणजे त्यालाही माहीत होतं, ही कसली बंदूक आहे! गावात सगळ्यांनाच माहीत असेल. ज्यांच्यापासून मी लपवत होतो, ते हसून मोकळे झालेत.

२४ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण दादाच्या घरी. कॅम्पातून सगळे आलो. टर्की, गाजराचं भरीत, वहिनींचा पाव. जेवणाआधी आभार मानायची रीत आहे. दादाने एकेकाचं नाव घेतलं. माझं घेताना थांबला, मग घेतलं.

नंतर हेल्मी वहिनींनी मला भांड्यांच्या निमित्ताने मोरीपाशी ओढलं.

'भाऊजी, त्या हरणाचे उपकारच झाले बघा.'

'उपकार?'

'अहो, डॉक्टर वर्षभर सांगतायत, डावा डोळा गेलाय, बंदूक सोडा. ऐकतील तर ना! मला रोज धास्ती, एखाद्या दिवशी माणसावरच झाडतील. आता आपणहून सोडली. आज आल्यापासून उदास आहेत, पण जातील चार महिने. तुम्ही काही बोलू नका हं, पुन्हा चढवू नका त्यांना.'

घ्या! म्हणजे माझ्या खोट्याने भावाचं भलं झालं. आता तर मी बोलायचंच नाही, वहिनींची आज्ञा आहे. घरी येताना गाडीत अक्षरशः शीळ घालत होतो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, मी कशाबद्दल शीळ घालतोय. मग बंद केली.

३० नोव्हेंबर

मोसम संपला. कॅम्प झाडून बंद केला. दादा शेवटचा बाहेर पडला. पायरीवर उभा राहून म्हणाला, 'अर्विड, काही राहिलं तर नाही ना?'

'नाही दादा. सगळं घेतलं.'

त्याने कुलूप लावलं.

४ डिसेंबर

मार्लिस आली होती. दारातच उभी राहिली. तिने रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातावर ठेवलं. मॅग्नमची गोळी, तांब्याची, टोक फुलून चपटं झालेलं. 'बाबांनी त्या दिवशीच कातड्याखालून काढली. मला घसरगाडीला पाठवलं ना, तेव्हा. मलाही कालच सांगितलं.'

'मग टॅग त्याने का बांधला?'

'तुम्ही पुढे येऊन 'नको, ते माझं' म्हणाल, या आशेने. कॅम्पात रोज टेबलाशी तुमची वाट बघत बसायचे. काल म्हणाले, आता देऊन ये.'

कॉफी घे म्हटलं, तर नको म्हणाली.