कोपराचा आकडा

१० नोव्हेंबर १९८६
हेडमास्तर रघुनाथरावांनी विचारलं, सौंसरच्या विज्ञान प्रदर्शनात पांढुर्ण्याची शाळा काय दाखवणार? म्हटलं, यंत्राचा हात. कॉम्प्युटरच्या हुकमानं संत्रं उचलून टोपलीत ठेवेल. साहेब खूश. कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला गणिताच्या मालतीबाई गेल्या होत्या. पण ट्रेनिंगनं काय होते? डोकं लागते.

१४ नोव्हेंबर
हात तयार. सागवानी पट्ट्या, जीपच्या वायपरची मोटर. कोपरात जुन्या रेडिओचं आवाजाचं बटन. कोपर वळलं की बटन फिरते, कॉम्प्युटरला आकडा कळते. आकडा तीस हजारावर गेला की मोटर बंद. प्रोग्राम अकरा ओळींचा, एका बैठकीत लिहिला.

१५ नोव्हेंबर
हात थांबला नाही. संत्र्यासकट कपाटावर आदळला. इथली वीजच तशी.

१९ नोव्हेंबर
वीज बरोबर निघाली. मग बटनच खराब. घरच्या रेडिओचं काढून आणलं. बायकोला, प्रमिलेला, सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर
प्रमिलेनं रेडिओ लावला. तिचं माझ्याशी बोलणं बंद. घरात चांगली शांतता आहे, विचार करता येते.

२४ नोव्हेंबर
नवं बटनही तसंच. हात वर असो की खाली, पडद्यावर १२४१६. मालतीबाई दारातून म्हणाल्या, सर, आकडा बदलूनच नाही राहिला, प्रोग्राम तो एकदाच वाचून राहिला का? म्हटलं, एकदाच वाचतो, पण नीट वाचतो. गेल्या बिचाऱ्या. उद्यापासून दार लावून घ्यायचं.

१ डिसेंबर
चपराशी भाऊराव म्हणे, संत्र्याच्या जागी बटाटा ठेवा, फुटणार तरी नाही. विचार करून राहिलो.

६ डिसेंबर, सौंसर
पहिल्याच फेरीत हातानं परीक्षकांचा चष्मा उडवला. मालतीबाईंनी विचारलं, मी जरा पाहू का? मी चहाला गेलो. मुद्दामच गेलो, माणसाला संधी द्यावी. परतलो तर हात संत्र्यापाशी थांबून राहिला होता. उचललं, ठेवलं. टाळ्या. परीक्षकांनी विचारलं, कोणी केलं? बाई म्हणाल्या, सरांनी. मी मान हलवली. पहिला नंबर! दोन दिवस मिळाले असते तर मलाही सापडलंच असतं.

११ डिसेंबर
पत्र आलं. आता भोपाळ, राज्याचं प्रदर्शन. एकच शिक्षक न्यायचा. साहेबांनी माझं नाव पाठवलं. तिथं परीक्षकांसमोर नवा प्रोग्राम लिहून दाखवायचा आहे.

१२ डिसेंबर
बाईंनी काय केलं ते पाहिलं. माझीच आकडा वाचायची ओळ, फक्त दोन ओळी खाली नेली. तीन तास पाहिली. ओळ तीच आहे.

१४ डिसेंबर, रविवार
सकाळच्या पॅसेंजरनं तिगावला, मालतीबाईंच्या घरी. गाडीत तीन बहाणे तयार केले होते. बाईंनी दारातच विचारलं, काय झालं सर? एकही आठवला नाही. म्हटलं, बाई, ती ओळ खाली का नेली? त्या हसल्या नाहीत. सतरंजी टाकली, पाटी आणली. म्हणाल्या, वरची ओळ एकदाच चालते, खालच्या फिरून फिरून चालतात. हात जरासा हलला की आपण कुठं आलो हे परत विचारावं लागते, दर खेपेला. मग समजलं का, म्हणून विचारलं.
म्हटलं, नाही.