दोन बनियनं आणि अकरा पानांचं भाषण

४ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. प्रश्नांची उत्तरं क्रमाने देतो, नाहीतर पुढच्या पत्रात लाल शाईने खुणा करून पाठवशील. जेवण वेळेवर आहे. झोप बरी आहे. भिंगरीचा पुढचा दात पडला. तो तिने काड्यापेटीत जपून ठेवलाय आणि दारात येईल त्याला दाखवते, दूधवाल्यालासुद्धा. तुझ्या मागच्या सभेत तुझ्या आधी ध्वनिक्षेपक दमला असं कानावर आलं. खरं का?

एक सांगायचं राहूनच गेलं. गोळ्यांच्या कारखान्यात मला वजनखोलीत घेतलं, त्याला आता सहा महिने झाले. बायकांच्या गोळ्यांचा नवा विभाग निघालाय. त्यासाठी हार्मोनची भुकटी चाळायची, मोजायची आणि पुढे द्यायची. पीठ चाळावं तसं काम, फक्त हे पीठ चिमूटभर घेतलं तरी हजारो गोळ्यांना पुरतं. आम्ही आठ जण आहोत. म्होरक्या पैलवान. मनगट माझ्या पोटरीएवढं, पण हात सोनाराचा. तराजूत चार कण जास्त पडले तर अशी नेमकी फुंकर मारतो की काटा जागच्या जागी येतो. मलाही आता जमते.

डोक्यापासून खांद्यापर्यंत येणारी हवेच्या नळीची टोपी दिली आहे, पण तिच्यात उकडतं आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. ती खुंटीला असते. नवशिके घालतात. सुटी झाली की एकमेकांच्या पाठीवर हवेचा पाइप मारून डगले झटकतो. पांढरा ढग उठतो, पोरांसारखे हसतो आणि तसेच घरी येतो. दारात भिंगरी उडी मारायला टपलेलीच असते.

रविवारचं पोहणं सध्या बंद आहे. थोडी सर्दी आहे.

तुझा लोभ आहे तेवढा पुरे, वाढला तरी तक्रार नाही.

तुझा
धाकटा


११ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहिलंय हे ह्यांना कळू देऊ नका. त्यांनी तुम्हाला सर्दीचं लिहिलं असेल. वन्सं, तीन महिने टिकणारी सर्दी मी तरी पाहिली नाही, आणि तिच्यात माणूस एकदाही शिंकत नाही.

एवढ्या उकाड्यात हे एकावर एक दोन बनियनं घालतात. न्हाणीघराला आतून कडी लावतात, कपडेही तिथेच बदलतात. मी विचारलं की हवापाण्यावर बोलायला लागतात. पण मला लागलंय ते भिंगरीचं. संध्याकाळी ती उडी मारते, तर हे तिला हवेतच झेलतात आणि हात लांब करून खाली ठेवतात, गरम पातेलं ठेवावं तसं. पूर्वी रोज तिला छातीवर घेऊन झोपवायचे. परवा तिने मला विचारलं, की दात पडल्यामुळे मी बाबांना आवडत नाही का. 

तुमचा शब्द ते मानतात. माझा ऐकतात, पण मानत नाहीत. भिंगरीचा आत्याला पापा. तिने काड्यापेटीही पाठवायला काढली होती, मी अडवली.

आपली
भावजय


१५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या घरून मला कुणी काहीही कळवलेलं नाही, असं समज. मी तुझंच पत्र चार वेळा वाचलं. लहानपणी तू बरणीतला गूळ खाल्लास की आपणहून पाढे म्हणायला बसायचास. तसंच हे पत्र आहे. सगळं व्यवस्थित, आणि मध्येच सर्दी.

सरळ विचारते. तुझ्या छातीला सूज आहे का? गाठ लागते का? दुखते का? दचकू नकोस. मी पुस्तकं उघडून बसले आहे. बायकांच्या गोळीत जे असतं ते नाकातून गेलं, कातडीतून मुरलं, की अंगात आपलं काम सुरू करतं. हा पुरुष आहे की बाई, याचा दाखला ते मागत नाही. अशा कारखान्यांतल्या पुरुषांना असंच झाल्याचं छापलेलं आहे. यात पाप नाही, शाप नाही आणि तुझ्या पुरुषपणात काही खोट नाही. भुकटी आहे, धाकट्या, भुकटी.

पूर्वी टोप्या बनवणाऱ्या कारागिरांचे हात पाऱ्याने थरथरायचे. काडेपेटीच्या कारखान्यातल्या पोरींचे जबडे फॉस्फरसने सडायचे. लोक त्यांना हसले. ज्याला झालं त्याने ते लपवलं, आणि लपवलं म्हणून शेजारच्यालाही झालं. विषाला मजुरी द्यावी लागत नाही. त्याचं निम्मं काम आपली लाज फुकटात करते.

आता कान देऊन ऐक. तुम्ही जिला फुंकर म्हणता तिच्यानंतर माणूस श्वास आत घेतो. तुम्ही पाइप मारून डगला झटकत नाही, भुकटी हवेत उधळता. ती केसांत बसते, बाह्यांवर बसते आणि तुझ्याबरोबर घरी येते. दारात जी टपलेली असते तिचं वय सहा आहे.

उलटटपाली उत्तर हवं. तोवर आशीर्वाद राखून ठेवलेत, रागही.

आक्का


२२ मार्च

ती. आक्कास,
सा. न.

आहे. डाव्या बाजूला, लिंबाएवढी. धक्का लागला की दुखते. तीन महिने झाले. मला वाटलं, हा मोठा आजार असेल, आणि तो नसेल तर त्याहून वाईट काहीतरी असेल. न्हाणीघरात आरशाकडे पाठ करून उभा राहतो. भिंगरीची उडी दुखते म्हणून तिला लांब धरत होतो. माझ्या बाह्यांवर काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तुझं पत्र वाचल्यापासून मागच्या दाराने येतो, डगला कारखान्यातच ठेवतो आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय तिला हात लावत नाही. हिला सगळं सांगितलं. ती रडली, मग दोन्ही बनियनं उचलून बादलीत टाकली आणि म्हणाली की आता एकच मिळेल. भिंगरीला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. तिला काही नाही. हे वाक्य मी आधी वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं, मगच पत्राला बसलो.

पण कारखान्यात कसं बोलू? पैलवान आणि बाकीचे सहा जण तिथेच असतील. एकाने मिशी काढली तर हे आठ दिवस हसत होते. हे कळलं तर मला जन्मभराचं नाव पडेल. गुपचूप दुसऱ्या विभागात बदली मागावी असं वाटतं.

तुझा
धाकटा


२५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आता मोकळ्या हाताने.

भिंगरीचं वाक्य दोनदा वाचलं, मगच बाकीचं पत्र वाचलं. तू अंघोळ करून घरात जातोस, हे ठीक केलंस.

बदलीचं मात्र ठीक नाही. तू गेलास की तुझ्या जागी कुणीतरी येईल. त्याच्याही दारात कुणीतरी टपलेलं असेल. नाव पडेल म्हणतोस, तर पडू दे. मला या गावात निम्मे लोक तोफ म्हणतात, आणि माझं वजन त्याने उतरलेलं नाही.

दहा एप्रिलपर्यंत तू बोलला नाहीस, तर मी येऊन तुमच्या फाटकासमोर स्टूल टाकून बोलेन. भाषण लिहायला घेतलंय. अकरा पानं झाली आहेत आणि अजून मी टोपीच्या खुंटीपर्यंतच पोहोचले आहे.

भिववत नाही, कळवते आहे.

आक्का


९ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तू येऊ नकोस. झालं.

चार तारखेला सकाळी कामाआधीची सभा होती. साहेब होते, कंपनीचे डॉक्टर होते. कुणाला काही सांगायचंय का, असं साहेबांनी रोजच्यासारखं विचारलं आणि रोजच्यासारखे पुढे निघाले. मी उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. माझ्या छातीला गाठ आली आहे, ती आपल्या भुकटीने आली असावी, आणि मी ती तीन महिने दोन बनियनांखाली लपवली, एवढं जमिनीकडे बघून बोललो. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा माझ्या छातीवर आल्या.  मला वाटलं, संपलं.

मग मागून पैलवानाचा आवाज आला. "मला दोन्हीकडे आहे."

आक्का, आठांतले पाच निघाले. एक जण छातीला फडकं गुंडाळून येत होता. पैलवानाने चार महिन्यांपासून व्यायामशाळा सोडली होती आणि घरी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं. मिशीवरून सगळ्यांत जास्त हसला होता तोच. पाचही जणांना वाटत होतं की हे आपल्या एकट्यालाच आहे.

साहेब आधी म्हणाले की टोपी दिली होती, घातली नाही ही तुमची चूक. पैलवानाने नम्रपणे खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली आणि ती घालून तासभर वजन करून दाखवायला सांगितलं. साहेब अठराव्या मिनिटाला बाहेर आले, भिजून चिंब. नळीतून हवा नीट येतच नव्हती. मग मात्र माणसासारखे बोलले. चाळण त्याच दिवशी बंद केली. बंद काचेची पेटी येते आहे. हातमोजे तिलाच जोडलेले असतात, बाहेरून हात घालून आत काम करायचं. हवेचा पाइप कुलपात गेला. फुंकरीला बंदी. डगले कारखान्यातच धुतले जातील, आणि अंघोळ केल्याशिवाय कुणी फाटकाबाहेर पडायचं नाही. तुझी फाटकापुढची जागा आता ओल्या केसांची माणसं अडवतात.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, वेळेत बोललात, भुकटीपासून लांब राहिलात की काही महिन्यांत ओसरेल.

स्टूल घरात घे.

तुझा
धाकटा


१६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक, म्हणजे खरोखर मोजता येणार नाहीत इतके आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवायला घरी कुणी नव्हतं, म्हणून भिंतीला वाचून दाखवलं. त्या पैलवानाला माझा नमस्कार सांग. चाळीस वर्षं मी व्यासपीठावर बोलते आहे. तीन शब्दांत सभा जिंकणं मला एकदाही जमलेलं नाही.

थोडी हिरमुसले आहे हे कबूल करते. चांगलं झालं होतं रे भाषण. आता ती अकरा पाठकोरी पानं वाया कशाला घालवू? हे पत्र पहिल्याच पानाच्या पाठीवर लिहिते आहे, उरलेली दहा भिंगरीला चित्रं काढायला सोबत पाठवते. तू पुढची बाजू वाचू नकोस. वाचलीस तर आठव्या पानापासून वाच, तिथे रंग चढलाय.

आक्का


२३ जून

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पेटी आली, बसली, चालू झाली. काम हळू होतं, सगळे कुरकुरतात आणि सगळे करतात. माझी गाठ आता वाटाण्याएवढी आहे. पैलवान परत व्यायामशाळेत जातो.

पण लिहायचं आहे ते कालच्या रविवारचं. आम्ही आठही जण तलावावर पोहायला गेलो, अंगात एकही बनियन नाही. पैलवान सगळ्यांच्या पुढे. त्याची सूज अजून पुरती उतरलेली नाही. बाकावरचा एक गृहस्थ त्याच्याकडे बघून हसला. मला वाटलं, आता हा याला उचलून पाण्यात टाकणार. पैलवान त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि बोलायला लागला. टोप्यांचे कारागीर, काडेपेटीच्या पोरी, लाजेची फुकट मजुरी, सगळं. मधल्या काळात तो घरी आला होता, तेव्हा भिंगरीने त्याला आपली मांजरांची चित्रं दाखवली होती. त्याने पानं उलटली आणि मागून नेली होती. मला वाटलं, मांजरं आवडली.

तू पाऊण तास बोलतेस. तो तासभर बोलला, ओल्या चड्डीत. आठव्या पानाला लोक पाण्यातून बाहेर आले. शेवटी तो गृहस्थ म्हणाला की तो स्वतः रंगाच्या कारखान्यात काम करतो, आणि आपला खोकला कुणाला दाखवावा असं त्याने विचारलं.

बाकीचं पुढे कधीतरी. भिंगरी येऊन छातीवर पडली आहे, आणि हे शेवटचं वाक्य तिच्या डोक्यावरून हात नेऊन लिहितो आहे. अक्षराला हसू नकोस.

तुझा
धाकटा