शिलाँगच्या व्याह्यांशी यशस्वी बोलणी

५ जानेवारी, रविवार. सकाळी १०
विक्रांतचा बंगलोरहून फोन. लग्न करतोय. मुलगी त्याच्याच ऑफिसातली. नाव इबानरी, गाव शिलाँग, समाज खासी. तिच्या घरच्यांना २४ तारखेला उज्जैनला बोलणीसाठी बोलावलंय म्हणाला.
जयूला हे आठ महिन्यांपासून माहीत होतं म्हणे. मुलं आईला आधी सांगतात, त्यात काय. मी वाईट वाटून घेतलं नाही. नंतर अर्धा तास बाल्कनीत उभा होतो ते उन्हासाठी.

त्याच दिवशी, दुपारी
दुसरा बाप असता तर घाबरला असता. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा कस्टमर रिलेशनमध्ये. माणसं सांभाळणं हे माझं फील्ड आहे. तरी खबरदारी म्हणून एक ऑनलाइन कोर्स केला, 'भिन्न संस्कृतींतील संबंध : बांधणी व व्यवस्थापन'. तीन तासांचा होता, दोन तासांत संपवला. व्हिडिओ दीडपट वेगाने लावले आणि 'ऐकण्याची कला' हा धडा सोडला, तो नवशिक्यांसाठी होता. सर्टिफिकेट आलं. फ्रीगंजला जाऊन लॅमिनेट करून आणलं.
सार एवढंच : समोरच्या संस्कृतीला कधीही 'नाही' म्हणायचं नाही. हसायचं, मान डोलवायची, हो म्हणायचं.

८ जानेवारी
कामाला लागलो. वरची खोली सूनबाईंसाठी. मिस्त्री आला. खिडकी मोठी करायची, कारण त्या डोंगरातल्या, त्यांना मोकळं बघायची सवय. खिडकीतून शेजारच्या भय्यासाहेबांची पाण्याची टाकी दिसते. तिला हिरवा रंग द्यायची विनंती त्यांना केली. विचार करून सांगतो म्हणाले.
विक्रांतचा फोन. म्हणाला, बाबा, एक महत्त्वाचं आहे, इबानरी घरात सगळ्यात धाकटी आहे. मी म्हटलं, धाकटी मुलं लाघवी असतात, उत्तम झालं. तो म्हणाला, तसं नाही, त्यांच्यात धाकटीचं म्हणजे... तेवढ्यात मिस्त्रीने हाक मारली. विक्रांतला सांगितलं, टेंशन घेऊ नको, मी सगळं हँडल करतो.

१३ जानेवारी
भैरवगढला जाऊन छाप्याच्या चार चादरी आणल्या. वरच्या खोलीसाठी. जयू म्हणाली, "अहो, आधी त्यांचं ऐकून तर घ्या. तुम्ही आत्तापासून काय करून राहिले?" तिला प्लॅनिंगची सवय नाही.

१९ जानेवारी
खासी भाषेचे अकरा शब्द पाठ. 'खुब्लेई' म्हणजे नमस्कार, धन्यवाद, देव भलं करो, सगळंच. फार सोयीची भाषा आहे. दूधवाल्यावर प्रॅक्टिस केली. तो म्हणाला, साहब, कल से खुला नहीं, पैकेट वाला ही लाऊँगा.
आणि आजचा शोध : ते आईच्या भावाला 'मामा' म्हणतात. आपणही मामाच. संस्कृती म्हणजे आतून एकच असते. हे वाक्य माझं आहे, कोर्समधलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी
पाहुणे आले. तिघं : आई कॉंग मेरीदा, वडील डोनबोकजी आणि मामा शानबोर. 'कॉंग' म्हणजे ताई. विक्रांत आणि इबानरीला सुट्टी नाही, ती दोघं बोलणीला व्हिडिओवर असणार.
मी प्रोटोकॉल काटेकोर पाळला. वडील म्हणजे घरचे कर्ते. हार त्यांना, पुढची सीट त्यांना, मोठी खुर्ची त्यांना. मामा बिचारे स्वतःची बॅग, कॉंगची बॅग आणि वाटेत माझी पिशवीही घेऊन आले. त्यांना मी मोठ्या आवाजात, सावकाश, हातवारे करून हिंदी समजावलं : यह... पोहा... है. ते म्हणाले, जी, जीरावन थोड़ा और डालिए. पोह्यावरचा आमचा इकडचा मसालाही ओळखला. हुशार माणूस. किती पटकन उचलतो.

२५ जानेवारी
जयू आणि कॉंग ऑटो करून भैरवगढला. जयूला इंग्रजी येत नाही, कॉंगला मराठी येत नाही, हिंदी मोडकी, त्यामुळे मी दुभाषा म्हणून जाणार होतो. ऑटोत जागा नाही म्हणाल्या. ऑटोत त्या दोघीच होत्या.
परत आल्या तेव्हा कॉंगने नवीन छापील कापड एका खांद्यावर गाठ मारून एप्रनसारखं नेसलेलं होतं, तिकडे बायका तसंच नेसतात म्हणे. जयूनेही तसंच. दोघी खिदळत होत्या. मी जयूला आठवण दिली की आपण मुलाकडचे आहोत. तिने ऐकलं नसावं.
इकडे मी डोनबोकजींबरोबर दोन तास सखोल चर्चा केली. लग्न, मुहूर्त, रिसेप्शन, सगळं सांगितलं. ते गोड हसले आणि म्हणाले, इसमें मेरा क्या है, मामा से पूछिए. किती नम्र माणूस. मी आणखी तासभर त्यांच्याशीच बोललो.

२६ जानेवारी, रविवार
कॉलनीत झेंडावंदन. पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवलं. सेक्रेटरी भय्यासाहेबांनी माइकवर जाहीर केलं, विदेश से पधारे हमारे अतिथि. मला घाम फुटला. मामा शांतपणे उठले, माइक घेतला.
"सूबेदार शानबोर, रिटायर्ड," ते म्हणाले. "ग्यारह साल महू में था। विदेश एक ही बार गया हूँ, फ़ौज ने भेजा था। वहाँ पोहा नहीं मिला।"
टाळ्या थांबेनात. लोकांनी त्यांच्या हातून मुलांना बक्षिसं द्यायला लावली.
भय्यासाहेब म्हणतात, चिठ्ठीत 'फॉरेन डेलिगेट' असं मीच लिहून दिलं होतं. अक्षर माझं होतं हे मान्य. घाईत माणूस लिहितो.
मामांची हिंदी दोन दिवसांत एवढी सुधारली याचं थोडं श्रेय माझ्या सहवासाला द्यायला हरकत नाही. महूची अकरा वर्षंही आहेतच.

२७ जानेवारी, सोमवार. दुपारी ४
बोलणी झाली. बारा मिनिटांत. बँकेत एक ओव्हरड्राफ्ट मंजूर करायला यापेक्षा जास्त वेळ लागायचा.
सविस्तर लिहितो, पुढेमागे कुणाला मार्गदर्शन करायचं झालं तर.
सुरुवातीला कॉंगने 'क्वाय' दिलं. विड्याचं पान, चुना आणि भली मोठी ओली सुपारी. त्यांच्यात पाहुण्याला हे आधी. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. जयूने कोपरा तोडून तोंडात टाकला. मी अख्खं घेतलं, वर दुसरंही मागितलं. त्यांचे डोळे मोठे झाले. इम्प्रेस झाले.
मग कान गरम झाले. नंतर डोकं. मग खोली हलकेच वर जाऊ लागली. जानेवारीत मला बनियनपर्यंत घाम. पण फार छान वाटत होतं. सगळ्यांवर प्रेम आलं. डोनबोकजींवर, मामांवर, पंख्यावर.
मोबाइलच्या स्क्रीनवर विक्रांत आणि इबानरी होती. आवाज घुमत होता म्हणून मी त्यांना म्यूट केलं. विक्रांत जोरजोरात हात हलवून राहिला होता. मीही हलवला.
मामांनी पहिला मुद्दा मांडला, लग्न शिलाँगला. मी म्हटलं, बिल्कुल. दुसरा मुद्दा लांब होता. घर, छोटी बेटी, माँ, लड़का, असे शब्द येत होते आणि जात होते. मी प्रत्येकावर मान डोलवली.
मामा थांबले. म्हणाले, "सोच लीजिए, भाईसाहब। एक ही लड़का है आपका।"
मी म्हटलं, "सोचना क्या है? लड़का आज से आपका।"
कोर्समधल्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे भारी होतं. कॉंगने डोळे पुसले. मामांनी उठून मला मिठी मारली. आणि जयूने सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. सत्तावीस वर्षांत असं झालेलं नाही.

२८ जानेवारी
पाहुणे गेले. स्टेशनवर मला तिघांकडून खुब्लेई, प्रत्येकी दोनदा.
विक्रांतचा मेसेज : बाबा, मला वाटलं होतं तुम्ही नाहीच म्हणाल. मी उगाच घाबरत होतो. थँक यू.
तीन वेळा वाचला. लग्नाला परवानगी दिली म्हणून एवढं? हळवा आहे पोरगा.

३० जानेवारी
जयू भलतीच खूश. सकाळी न मागता दुसरा चहा. शेजारी सुमनवहिनींना सांगत होती, आमच्या ह्यांचं मन फार मोठं आहे, मला कधी कळलंच नाही. मी खिडकीआडून पूर्ण ऐकलं.
विचार चालू आहे, असे कोर्स मीच घ्यावेत. पहिली बॅच होळीनंतर.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
मिस्त्रीला विचारत होतो, खिडकी कधी बसणार. जयू म्हणाली, "आता वरच्या खोलीची काय घाई आहे? ती दोघं वर्षातून एकदा येणार."
मी म्हटलं, कोण दोघं?
म्हणाली, विक्रांत आणि इबानरी. दोघं शिलाँगहूनच ऑफिसचं काम करणार, परवानगीही मिळाली. आणि मग ती इतक्या प्रेमाने बोलत राहिली की मध्ये तोडता येईना. खासी लोकांत आईचं घर धाकट्या मुलीकडे जातं. म्हाताऱ्या आईवडिलांना तीच बघते. तिचा नवरा तिच्या घरी राहायला जातो. घरचं बोलणं मामा करतात, वडील नाही. हे सगळं विक्रांतने जयूला आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं आणि आठ महिने तिला झोप नव्हती की मी काय म्हणेन.
"आणि तुम्ही एका वाक्यात दिलंत," ती म्हणाली. "मला तर वाटलं होतं घरात रणकंदन होईल."
मी म्हटलं, हो.
ती कणीक मळायला गेली.

त्याच दिवशी, दुपारी १
गैरसमज दूर करता येईल. मामांना फोन करून सांगायचं, सुपारी चढली होती.

दुपारी १.२०
मामांना फोन केला. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलं, असा बाप खाली मैदानी मुलखात बघितला नाही. मी खुब्लेई म्हटलं आणि ठेवला.

दुपारी ३
जयूला खरं सांगायचं ठरवलं. स्वयंपाकघरात गेलो. तिने माझ्यासाठी श्रीखंड केलं होतं. वाटी घेऊन बाहेर आलो.

३ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. तसं पाहिलं तर मी मनातून हेच ठरवलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं. स्वतःलाही.
मिस्त्रीला सांगितलं, खिडकी आहे तेवढीच राहू दे. भय्यासाहेब भेटले. टाकीला हिरवा रंग द्यायला तयार आहेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कॉंगचा मेसेज, मामांनी हिंदीत टाइप केलेला. जावई घरी येणार म्हणून तयारी चाललीय, त्याला परकं वाटू नये, म्हणून थोडी माहिती हवी. नऊ प्रश्न. आजारी पडला की काय खातो. थंडी सोसते का. झोपताना दिवा लागतो की अंधार. कशाला घाबरतो. रागावला की बोलतो की गप्प बसतो. चहा की कॉफी. असे.
जयू म्हणाली, आणा, मी सांगते. मी म्हटलं, बापाला विचारलंय, बाप सांगेल. पेन घेऊन बसलो.
दोन लिहिता आले. आजारपणात हळद घातलेलं दूध, आणि चहा.
जयूने बघितलं. म्हणाली, दूध त्याने बारावीत सोडलं, पोटात दुखतं. चहा बरोबर आहे.
बाकीचे सात तिने सांगितले, मी लिहून घेतले. रागावला की गप्प बसतो, हे त्यातलं एक. गप्प बसला की दोन दिवसांनी आपणहून फोन करतो, आपण फक्त उचलायचा. हे तिने सांगितलं आणि मी त्याच्याखाली रेघ ओढली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
विक्रांतला फोन केला. म्हटलं, सहज केलाय. तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे बाबा, पण बोला ना. बाहेर आला असावा, दार वाजलं. मी बोलायला तोंड उघडलं. त्याने वाट बघितली. मग मी विचारलं, जेवलास का.
तो म्हणाला, बाबा, पावणेसहा वाजलेत.